लहान रिव्हॉल्वर आणि त्याचे काडतूस
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात नाशिक येथे दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, वसतिगृह, विवाहातील अनाठायी खर्च, पतपेढी इत्यादी विषयांवर व्याख्याने झाली. आज चालकांनी आम्हांस दिलेला विषय या पंक्तीत थोडा विजोड दिसेल. परंतु आपण सुवर्णकार आहोत. आपला व्यवसायच असा की, ज्या वस्तूचा आपण व्यवहार करतो तिच्यावर साऱ्या जगाचा डोळा. सराफ बाजारातील पेढी बंद करून रात्री घरी निघणारा दुकानदार, आठवड्याच्या बाजाराला माल घेऊन सिन्नर, येवला, कळवणकडे जाणारा व्यापारी, डाग घडवून ते पेढीवर पोचते करणारा कारागीर, या सर्वांच्या मनात एक भीती कायमची घर करून असते. त्या भीतीपोटी आपल्यातील कित्येकांनी शस्त्राचा परवाना घेतला आहे, आणि कित्येक तरुण तो घेण्याच्या विचारात आहेत. ते आम्हांस विचारतात, "रिव्हॉल्वर कोणते घ्यावे?" काडतूस कोणते घ्यावे, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी करतो. आमच्या मते दुसरा प्रश्न पहिल्याहून मोठा आहे. कारण रिव्हॉल्वर हे केवळ साधन आहे, कार्य करते ते काडतूस, आणि ते काडतूस पेलणारा हात.

नाशिकचे नाव पिस्तुलाशी इतिहासात जोडले गेले ते २१ डिसेंबर १९०९ रोजी. त्या रात्री विजयानंद नाट्यगृहात अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. लंडनहून सावरकरांनी चोरून पाठविलेल्या ब्राउनिंग पिस्तुलांची हकीकत नाशिककरांस नव्याने सांगावयास नको. तो काळ १८७८ च्या शस्त्रकायद्याचा होता. सामान्य भारतीयाच्या हाती शस्त्र असणे हेच सरकारला असह्य होते. आज आपण १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली आणि २०१६ च्या शस्त्र नियमांखाली, स्वतंत्र देशाचे नागरिक म्हणून, आपल्याच शासनाकडे परवाना मागतो. तेव्हाचा प्रश्न देशाचा होता. आपला प्रश्न घरादाराचा आणि जीविताचा आहे. म्हणूनच त्यात आवेशाला वाव नाही, हिशेबाला आहे.

प्रथम कायद्याची चौकट पाहू, कारण निवड तिच्या आतच करावयाची आहे. ९ मिलिमीटर, .३०३ यांसारखे बोअर हे निषिद्ध बोअर होत. ते सामान्य नागरिकास मिळत नाहीत. म्हणून आपल्याकडे परवानाधारकाच्या कमरेला जे रिव्हॉल्वर दिसते ते बहुधा .३२ बोअरचे असते. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .३२ रिव्हॉल्वर जुन्या वेब्ली पद्धतीवर बेतलेले आहे. मधोमध मोडते, सहा काडतुसे घेते, नळी तीन इंचांची, वजन सुमारे ७०० ग्रॅम. २०१४ मध्ये त्याच शहरातून ‘निर्भीक’ बाहेर आले. त्यात टायटॅनियमचा मिश्रधातू वापरून वजन ५०० ग्रॅमपर्यंत उतरविले, आणि स्त्रियांच्या संरक्षणासाठी म्हणून त्याचा गाजावाजा झाला. २०२३ मध्ये ‘प्रबल’ आले. त्याचे चक्र बाजूस उघडते. १ ऑक्टोबर २०२१ पासून देशातील आयुध कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले. त्यांपैकी दारूगोळ्याच्या कंपनीचे मुख्यालय आपल्या पुण्यात आहे, आणि १८६९ मध्ये स्थापन झालेला खडकीचा दारूगोळा कारखाना तिच्याच अखत्यारीत येतो. काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे दिसली की ते खडकीचे, हे परवानाधारकांस ठाऊक असते.

आता काडतुसाची ओळख. काडतुसाचे अवयव चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. घोडा टोपीवर आदळतो, टोपी पेटते, दारू जळून तिचा वायू होतो आणि तो वायू गोळीला नळीतून पुढे लोटतो. आपल्या रिव्हॉल्वरच्या काडतुसाचे नाव .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. ते १८९६ मध्ये अमेरिकेत निघाले, म्हणजे वयाने सव्वाशे वर्षांच्या पुढचे आहे. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या पोलीस मंडळाचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे होते, आणि त्यांच्या कारकिर्दीत तेथील पोलिसांना जे पहिले एकसारखे रिव्हॉल्वर देण्यात आले तेही .३२ बोअरचेच होते. ज्याला आज कोणी ‘पोरांचे काडतूस’ म्हणून हिणवतो, त्यावर एके काळी एवढ्या मोठ्या नगरीची पहारेदारी चालत होती.

या काडतुसाच्या गोळीचे प्रचलित वजन ९८ ग्रेन. ‘ग्रेन’ हा शब्द ऐकून आपण बिचकण्याचे कारण नाही. आपल्या वाडवडिलांच्या तराजूत तो होताच. इंग्रजी अमदानीतील तोळा १८० ग्रेनांचा, म्हणून मासा १५ ग्रेनांचा. त्या हिशेबाने ही गोळी साडेसहा माशांची, अर्ध्या तोळ्याहून किंचित जड. तिचा वेग सेकंदास सुमारे ७०० फूट. याच्या उलट, लहान .२२ ची गोळी ४० ग्रेनांची, म्हणजे पावणेतीन माशांचीही नव्हे. परदेशात खिशातील रिव्हॉल्वरांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या .३८ स्पेशलची गोळी १५८ ग्रेनांची, साडेदहा माशांची. आणि पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश अधिकाऱ्याच्या .४५५ वेब्लीची गोळी २६५ ग्रेनांची, म्हणजे एक तोळा साडेपाच माशांहून अधिक.

येथे कोणीही सहज म्हणेल की, जड गोळी ती चांगली गोळी. परंतु निसर्गाचा नियम असा की, गोळीला पुढे जितका रेटा मिळतो तितकाच रेटा शस्त्राला मागे मिळतो. यालाच आपण धक्का म्हणतो. शस्त्र जड असेल तर तो धक्का त्याच्या वजनात जिरतो. हलके असेल तर हाताला सोसावा लागतो. एकच .३२ चे काडतूस ७०० ग्रॅमच्या रिव्हॉल्वरमधून आणि ५०० ग्रॅमच्या रिव्हॉल्वरमधून झाडले, तर दुसऱ्यात मागे येणारी शक्ती पहिल्याच्या १.४ पट असते. कमरेला जे सुखकर तेच मुठीला दुःखकर, असा हा व्यवहार आहे. हलके शस्त्र दिवसभर बाळगावयास बरे. पण ते झाडण्याची वेळ येते तेव्हा त्या हलकेपणाची किंमत मनगट मोजते.

गोळी बदलल्यास काय होते, तेही पाहू. .३८ स्पेशलची गोळी .३२ च्या मानाने सुमारे दुप्पट शक्ती घेऊन निघते, दुपटीहून किंचित कमीच. परंतु दोन्ही सारख्याच वजनाच्या रिव्हॉल्वरमधून झाडल्यास .३८ ची मागे येणारी शक्ती सुमारे तिप्पट होते. मिळकत दुप्पट नाही आणि खर्च तिप्पट: पेढीवर बसणारा कोणताही शहाणा मनुष्य असा सौदा डोळे मिटून करणार नाही. .३८ आपल्या सर्वसामान्य परवान्यात येत नाही, म्हणून आपल्यापैकी काहीजण हळहळतात. त्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

मोठ्या सैन्यांनीही हा हिशेब मांडला आहे, आणि गंमत अशी की, त्यांची उत्तरे परस्परविरुद्ध आली. फिलिपाइन्समधील लढायांत आपले .३८ चे काडतूस शत्रूस थोपवू शकत नाही, असा अमेरिकनांस अनुभव आला. १९०४ मध्ये त्यांनी थॉम्पसन आणि लागार्द या दोन अधिकाऱ्यांकडून प्रयोग करविले आणि ते.४५ कडे वळले. ब्रिटिशांनी पहिल्या महायुद्धानंतर नेमके उलट केले. .४५५ चे दणकट रिव्हॉल्वर भरतीच्या शिपायाला थोड्या दिवसांत शिकविणे जड जाते, धक्क्याच्या धास्तीने त्याचा नेम चुकतो, हे पाहून त्यांनी .३८ बोअरचे, २०० ग्रेनांच्या मंदगती गोळीचे रिव्हॉल्वर स्वीकारले. एन्फिल्डचे ते रिव्हॉल्वर १९३० नंतरच्या दशकात सैन्यात आले. ज्या माणसाला रोज सराव करणे शक्य नाही, त्याला पेलेल असे काडतूस द्यावे, हा त्यामागचा विचार. आपला दुकानदार हा भरतीच्या शिपायाहूनही कमी सराव करणारा असतो. तेव्हा आपण कोणाचा कित्ता गिरवावा, हे सांगणे नलगे.

लोहाराचा घण आणि सोनाराची हातोडी यांतील भेद आपणांस दुसऱ्याने शिकवावयास नको. घणाने लोखंड वाकते, पण कोंदणात खडा बसत नाही. आपला सारा धंदा हलका घाव नेमक्या ठिकाणी घालण्याचा आहे. लहान रिव्हॉल्वरचे शास्त्रही तेच. मानवी देहाला थांबविते ते गोळीचे वजन नव्हे, धक्का नव्हे, आवाज तर नव्हेच. मर्मस्थळी पोचलेली गोळी थांबविते. अमेरिकेच्या तपास खात्याने १९८६ मधील मायामीच्या चकमकीनंतर या विषयाचा कसून अभ्यास केला आणि आपली कसोटी ठरविली: गोळी देहासमान घनतेच्या पदार्थात निदान १२ इंच खोल गेली पाहिजे. खोली प्रथम, बाकी सर्व नंतर. .३२ लाँगची मंदगती, घट्ट गोळी या बाबतीत सहसा उणी पडत नाही. तिचे उणे दुसरीकडे आहे: तिने पडणारी जखम अरुंद असते. म्हणून तिच्याकडून नेमकेपणाची अपेक्षा अधिक.

आता गोळीच्या आकाराकडे वळू. आपल्याकडे सामान्यतः मिळते ती गोल नाकाची गोळी. ती चक्रात सुलभ शिरते आणि भरताना अडत नाही. परंतु तिचे गोल नाक मांस बाजूस सारीत पुढे जाते आणि कठीण पृष्ठभागावर तिरपे लागल्यास घसरते. दुसरा प्रकार सपाट तोंडाच्या गोळीचा. हिला नेमबाज ‘वॉडकटर’ म्हणतात. कागदी निशाणाला ती छिद्रणीने पाडावे तसे स्वच्छ भोक पाडते. २५ मीटर सेंटर-फायर पिस्तुलाच्या स्पर्धेत जगभरचे नेमबाज याच .३२ लाँगचा हा सपाट प्रकार वापरीत आले आहेत, कारण त्याचा धक्का सौम्य आणि अचूकता उत्तम. याच स्पर्धाप्रकारात जसपाल राणा यांनी १९९४ च्या हिरोशिमा आशियाई क्रीडास्पर्धेत भारताला सुवर्णपदक मिळवून दिले, हे आपणांस स्मरत असेलच. स्वसंरक्षणाच्या दृष्टीनेही मंदगती रिव्हॉल्वरसाठी सपाट तोंडाची गोळी गोल नाकाच्या गोळीहून सरस मानतात, कारण ती मांस सारीत नाही, कापते. तिचा दोष एवढाच की, तिच्या चौकोनी कडा चक्राच्या तोंडाशी अडतात. घाईत दुसऱ्यांदा भरणे अवघड जाते. ज्याला ती कायदेशीर मार्गाने आणि परवडेल अशा किमतीत मिळेल त्याने तिचा अवश्य विचार करावा.

तिसरा प्रकार पोकळ तोंडाच्या, आघातानंतर फुलणाऱ्या गोळीचा. हिची कीर्ती मोठी, आणि तिचा पूर्वज आपल्याच देशातला. कलकत्त्याजवळच्या डमडम येथील कारखान्यात १८९० नंतरच्या दशकात फुलणारी गोळी तयार झाली, तिच्यावरून साऱ्या जगाने ‘डमडम’ हा शब्द उचलला, आणि १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात अशा गोळ्या वापरू नयेत असा जाहीरनामा निघाला. त्या जाहीरनाम्याच्या शंकेनेच ब्रिटिशांनी आपल्या २०० ग्रेनांच्या शिशाच्या गोळीऐवजी पुढे १७८ ग्रेनांची, धातूच्या कवचाची गोळी घेतली. परंतु आपल्या विचाराशी संबंधित गोष्ट निराळी आहे. गोळी फुलावयास वेग लागतो. तीन इंची नळीतून सेकंदास ७०० फुटांनी निघणाऱ्या गोळीजवळ तो वेग नसतो. तिचे पोकळ तोंड वस्त्राच्या धाग्यांनी भरून जाते आणि ती साध्या गोळीसारखीच वागते. फुलली तर खोली गमावते, न फुलली तर दाम वाया. म्हणून लहान .३२ मध्ये या प्रकारामागे लागण्यात अर्थ नाही. काहीजण साध्या गोळीचे नाक कानशीने घासून घरच्या घरी असला प्रकार करू पाहतात. कानस आपल्या हाती वळणाची आहे म्हणून हा मोह होतो, तो आवरावा. काडतुसाशी अशी छेडछाड धोक्याचीही आहे आणि कायद्याच्या अडचणीत नेणारीही.

येथे एक अत्यंत महत्त्वाची सूचना. ‘.३२’ हा आकडा दोन भिन्न काडतुसांवर असतो. एक आपले रिव्हॉल्वरचे .३२ लाँग, दुसरे पिस्तुलाचे ७.६५ मिलिमीटर ब्राउनिंग, ज्याला .३२ ऑटो असेही म्हणतात. दोहोंच्या पुंगळ्यांची जाडी जवळजवळ सारखी असल्याने पिस्तुलाचे काडतूस रिव्हॉल्वरच्या चक्रात बसते. बसते, पण चालत नाही! रिव्हॉल्वरच्या काडतुसाचा दाब अमेरिकन मानकाप्रमाणे चौरस इंचास १५,००० पौंडांपर्यंत, तर पिस्तुलाच्या काडतुसाचा २०,५०० पर्यंत. जुन्या रिव्हॉल्वरला हा भार देणे म्हणजे पातळ मुशीत ओतू नये ते ओतणे होय. विक्रेत्याकडून काडतुसे घेताना बुडावरची अक्षरे स्वतः वाचावीत. दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये. सोने घेताना आपण कसोटीचा दगड दुसऱ्याच्या हाती देत नाही.

सोयीचे आणि परिणामकारक, ही दोन विशेषणे परस्परांची शत्रू आहेत असा समज आहे. आमचे म्हणणे असे की, लहान रिव्हॉल्वरपुरती ती एकच आहेत. जे काडतूस हाताला मानवते त्याचा सराव होतो. ज्याचा सराव होतो त्याचा नेम लागतो. आणि ज्याचा नेम लागतो तेच परिणामकारक. जे काडतूस दोन वेळा झाडून तिसऱ्या वेळी हात मागे घेतो, ते कागदावर कितीही बलाढ्य असो, आपल्यापुरते ते रिकामी पुंगळीच होय. संत नरहरी महाराजांची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. विठ्ठलाच्या करदोड्याचे माप कधी अपुरे पडे, कधी अधिक होई. दुसऱ्याने आणून दिलेल्या मापाने ते जुळले नाही, महाराजांना स्वतः देवाच्या कमरेला हात लावावा लागला. त्या कथेचा आध्यात्मिक अर्थ थोर आहे. परंतु आपल्या धंद्याचा एक साधा धडाही तीत आहे. माप स्वतःच्या हाताने घ्यावे.

ते माप कसे घ्यावे, ते सांगतो. सरकारमान्य चांदमारीवर, जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली जावे. कानांस संरक्षक, डोळ्यांस चष्मा. सात पावलांवर कागद लावावा. प्रथम सावकाश सहा गोळ्या झाडाव्यात आणि भोके कशात मावतात ते पाहावे: वाटीत, ताटलीत की परातीत. नंतर तेवढ्याच गोळ्या लवकर लवकर, पण माशीवरून नजर न काढता झाडाव्यात. पहिल्या गोळीचे भोक आणि सहाव्या गोळीचे भोक यांतील अंतर हीच त्या काडतुसाची खरी कसोटी. सावकाश झाडताना वाटीत मावणारे आणि लवकर झाडताना परातीबाहेर जाणारे काडतूस आपल्या हाताचे नव्हे. दोन प्रकार मिळाले तर दोन्ही असेच पाहावेत. गोळीचे वजन वा वेग बदलला की लहान रिव्हॉल्वरच्या पक्क्या माशीवर ती थोडी वर वा खाली लागते. जड आणि मंद गोळी बहुधा वर लागते. म्हणून सरावाचे काडतूस आणि बाळगण्याचे काडतूस एकच असावे. रिव्हॉल्वरचा चाप जड असतो. त्याची सवय होण्यासाठी शस्त्र दोनदा तपासून, पूर्ण रिकामे करून, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, भिंतीकडे रोखून चाप ओढण्याचा अभ्यास करावा. धक्क्याच्या धास्तीने हात अगोदरच झुकणे, हा दोष त्यानेच जातो.

सरावात दोन प्रसंग ओळखता आले पाहिजेत. चाप ओढला आणि बार झालाच नाही, तर रिव्हॉल्वर निशाणाकडेच रोखून निदान अर्धा मिनिट थांबावे. टोपी उशिरा पेटण्याचा संभव असतो. आणि बार झाला पण आवाज फुसका, धक्का नाही, तर तत्काळ थांबावे. गोळी नळीत अडकलेली असू शकते. तिच्यामागे दुसरी झाडली तर नळी फुटेल आणि हातही जाईल. सरावानंतर हात साबणाने धुवावेत. शिशाची धूळ पोटात जाऊ नये. मूस आणि फुंकणी यांच्याशी ज्याचा जन्म गेला त्याला धातूच्या वाफेचे भय निराळे सांगावे लागत नाही.

काडतूस हे सोन्यासारखे नाही. ते ठेवून ठेवून वाढत नाही, नासते. गोदाकाठच्या पावसाळ्यातील दमट हवा, अंगाचा घाम, कातडी म्यानातील ओल आणि विशेषतः शस्त्राला चोपडलेले तेल यांनी टोपी निकामी होते. म्हणून चक्र पुसून कोरडे करूनच काडतुसे भरावीत. जी वर्षभर बाळगली ती पुढील सरावात प्रथम झाडावीत आणि नवी भरावीत. परवान्यावर एका वेळी किती व वर्षाकाठी किती काडतुसे घेता येतील हे लिहिलेले असते; तो आकडा सरावासाठी आणि बाळगण्यासाठी विचारपूर्वक वाटून घ्यावा. सारी मर्यादा कपाटात पडू देणे आणि सरावाला एकही न लावणे, ही आपल्यातील सर्वांत मोठी चूक आहे. आणि काडतुसे अधिकृत विक्रेत्याखेरीज कोणाकडूनही घेऊ नयेत. ‘दोन पेट्या स्वस्तात देतो’ म्हणणारा मनुष्य आपणांस काडतूस देत नसतो, खटला देत असतो.

कायद्याविषयी आणखी चार शब्द. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत पाच वर्षे झाली आणि सामान्य परवानाधारकास दोनच शस्त्रे ठेवता येतात. परवान्याची हद्द केवढी, महाराष्ट्रापुरती की संपूर्ण देशाची, हे सुरत-राजकोटच्या वाटेवर निघण्यापूर्वी पाहून घ्यावे. पेठ किंवा सुरगाण्याच्या पुढे गेले की राज्याची सीमा लागते, हे विसरू नये. त्याच दुरुस्तीने समारंभात निष्काळजीपणे बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. वरातीत घोड्यापुढे बार काढण्याची हौस कोठे शिल्लक असेल तर ती याच संमेलनात विसर्जित व्हावी.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत. त्यांचे सार जुन्याच दंडसंहितेचे: हक्क आहे, पण गरजेपुरता, आणि जेथे शासनाकडे धाव घेण्यास अवसर आहे तेथे तो नाही. दरोडेखोर जिवावर उठला असता झाडलेली गोळी निराळी, आणि पिशवी घेऊन पाठमोऱ्या पळणाऱ्या चोरावर झाडलेली गोळी निराळी. दुसरीला कायद्याचा आधार मिळणे कठीण, आणि मनाचा आधार त्याहून कठीण. आपला सराफ बाजार डोळ्यांपुढे आणा: अरुंद गल्ल्या, समोरासमोर काचेची कपाटे, सणासुदीची गर्दी, लेकरांना घेऊन आलेल्या बायाबापड्या. तेथे चुकलेली प्रत्येक गोळी कोणाच्या तरी घरी जाते. म्हणून नेम न साधणारे जबर काडतूस हे चोराहून आपल्याच गिऱ्हाइकाला अधिक धोक्याचे.

संमेलनात प्रत्येक दुकानदाराने परवाना घ्यावा असा ठराव आणण्याचा काही तरुण मित्रांचा मानस आहे, असे कानी आले. त्यांच्या कळकळीविषयी आम्हांस आदर आहे. तथापि आमची विनंती अशी की, ठराव आणावाच तर सरावाचा आणावा. दुकानातील मालाचा विमा उतरविता येतो, तिजोरी बळकट करता येते, कॅमेरे लावता येतात, माल नेताना दोघे-तिघे मिळून जाता येते. हे सारे करूनही ज्याच्या जीविताला खरा धोका उरतो, ज्याचे डोके शांत आहे, घरात लहान मुले असता शस्त्र कुलपात ठेवण्याची ज्याला शिस्त आहे आणि दर दोन-तीन महिन्यांनी चांदमारीवर जाण्यास ज्याला सवड आहे, त्याने परवाना मागावा. ज्याचा राग नाकावर असतो, ज्याला सायंकाळी प्याल्याची सवय आहे, त्याने मागू नये. आणि मागितला तर आपण ज्ञातिबांधवांनी त्याला प्रेमाने परावृत्त करावे. कान सोनारानेच टोचावे लागतात, अशी म्हण आहे. आपले कान आपण टोचले नाहीत तर दुसरा कोण टोचणार?

ज्या नाशकात देवळालीला तोफखान्याची शाळा आहे, जेथे १९३७ मध्ये डॉ. मुंजे यांनी भोसला सैनिकी शाळा सुरू केली, तेथे शस्त्रशिक्षणाची परंपरा नवी नाही. आपल्या ज्ञातीच्या मंडळाने वर्षातून दोनदा परवानाधारक बांधवांस, आणि ज्या भगिनींच्या नावे परवाना आहे त्यांसही, एकत्र करून शिक्षकाच्या हाताखाली सरावाची सोय करावी. शस्त्र हाताळण्याच्या शिक्षणाचा दाखला नियमांनी आता आवश्यक केला आहेच. परंतु दाखला फायलीत राहतो, सराव हातात राहतो. मंडळाच्या कार्यकारिणीने या सूचनेचा विचार करावा, एवढी आमची मागणी आहे.

सारांश असा: शस्त्र घ्यावे लागलेच तर कमरेला फार हलके न घेता हाताला स्थिर राहील असे घ्यावे, काडतूस आपल्या रिव्हॉल्वरच्याच नावाचे, सौम्य धक्क्याचे, ताजे आणि विश्वासाचे असावे, सपाट तोंडाचे मिळाले तर उत्तम, गोल नाकाचे मिळाले तरी चिंता नको, फुलणाऱ्या गोळीचा मोह धरू नये, आणि जे बाळगावे त्याचाच सराव करावा. सोन्याचा कस आगीत लागतो, तसा काडतुसाचा कस चांदमारीवर लागतो. तो बाजारात किंवा घरात लागण्याची वेळ आपल्यापैकी कोणावरही न येवो, अशी श्रीविठ्ठलचरणी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.